हो किंवा नाही, एवढेच कळवावे

कै. इंदुमती रघुवीर टोकेकर (१९४४–२०२४) यांनी इंदुरातील एका मराठी शाळेत चौतीस वर्षे भूगोल शिकवला. निवृत्तीनंतरची वीस वर्षे त्या परदेशी नेत्यांना एकच प्रश्न विचारीत राहिल्या. राऊकडील वसाहतीत मी त्यांचा शेजारी होतो आणि पाकिटांवरील पत्ते माझ्या हस्ताक्षरात असत. म्हणून ही हकिकत मला नेमकी ठाऊक आहे.

दर हिवाळ्यात इंदुरात तिबेटी निर्वासित लोकरी कपड्यांचा बाजार मांडतात. जानेवारी २००४ मध्ये तेथील विक्रेत्या यांगचेन यांच्याकडून स्वेटर घेताना बाईंनी सहज त्यांचे गाव विचारले. यांगचेन म्हणाल्या, "गाँव तो बता दूँगी, टीचरजी. आप नक्शे में मेरा देश दिखा दो."

बाईंनी घरी येऊन भिंतीवरचा मोठा नकाशा तपासला; तिबेट नावाचा देश त्यात नव्हता.

१० मार्च हा तिबेटी उठावाचा स्मृतिदिन. त्या वर्षापासून दर १० मार्चला पाच देशांच्या नेत्यांना पाच हस्तलिखित इंग्रजी पत्रे रवाना होऊ लागली. शेवट ठरलेला असे : 'तिबेटच्या स्वातंत्र्याला आपल्या सरकारचा पाठिंबा आहे काय? हो किंवा नाही, एवढेच कळवावे.'

पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात अभियंता असलेला मुलगा देवेंद्र हसे. "आई, आपला नगरसेवक जवाब देत नाही, अन् तू प्रधानमंत्र्यांना लिहितेस!"

"नगरसेवकाला मी विचारलेलेच नाही."

पंधरा वर्षे कोणीही काही कळवले नाही. मग डिसेंबर २०१९ मध्ये युरोपातील एका पंतप्रधानांचे पत्र आले. जाड कागद, वर उठावदार राजमुद्रा, खाली निळ्या शाईतली सही. सून मंजिरीने पोहे-जलेबी मागवली. देवेंद्रने फ्रेमवाल्याला बोलावले. बाजारातून धावत आलेल्या यांगचेननी पत्र कपाळाला लावले.

"पिताजी को भेजूँगी. अठासी के हो गए, एक जवाब की राह देख रहे हैं."

बाईंनी पत्र दोनदा वाचले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "पहले इसमें अपने देश का नाम ढूँढ़िए."

यांगचेन ओळीखालून बोट फिरवू लागल्या. 'त्या प्रदेशातील परिस्थिती' होती, 'संवादाची आशा' होती, शुभेच्छाही होत्या. तिबेट हा शब्द नव्हता. बोट सहीपाशी येऊन थांबले.

बाईंनी लाल पेन उघडले.

"आई, खराब नको करू! प्रधानमंत्रीची सही आहे त्याच्यावर!"

"सही सुरेख आहे. तिचा एक गुण देते."

समासात त्यांनी लिहिले : 'प्रश्न वाचलेला नाही. देशाचे नाव टाळले.' आणि तळाशी : 'दहापैकी एक. पुन्हा लिहावे.'

मूळ पत्र परत करणे शिष्टाचाराला धरून नाही, असे मी निदर्शनास आणले. त्या म्हणाल्या, "भावजी, अपुरी उत्तरपत्रिका शिक्षकाने घरात टांगायची नसते."

"और उनको गुस्सा आया तो?" मंजिरीने विचारले.

"आला तर कळवतील. निदान काहीतरी कळवतील."

"झेरॉक्स तरी काढा, यांगचेनजींच्या बाबांसाठी," मंजिरी म्हणाली.

यांगचेननी नकारार्थी मान हलवली. "पिताजी पूछेंगे, हाँ बोला कि ना? क्या पढ़ के सुनाऊँ? वापस भेजो, टीचरजी. मैं भी साइन करूँगी."

गुणांच्या खाली त्यांनी तिबेटी लिपीत आपले नाव लिहिले. फ्रेमवाला आल्या पावली परत गेला आणि दुसऱ्या दिवशी पत्र रजिस्टर टपालाने निघाले.

सहा महिन्यांनी त्या कार्यालयाची एक चिठ्ठी आली : आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे. बाईंनी तिच्यावर 'अनुत्तरित' असा शेरा मारला आणि पुढच्या मार्चमध्ये त्याच पंतप्रधानांना पुन्हा लिहिले. यांगचेन यांचे वडील २०२२ मध्ये वारले. त्यांना काही वाचून दाखवता आले नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बाई गेल्या. घर देवेंद्रच्या नावे झाले. भिंतीवरचा मोठा नकाशा त्यांच्या इच्छेनुसार यांगचेनना दिला. तोपर्यंत एकशे पाच पत्रे गेली होती. होकार एकही नाही, नकारही एकही नाही. २०२५ ची पाच पत्रे यांगचेन यांच्या सहीने गेली. ती टपालात देवेंद्रने टाकली. पत्ते मीच घातले. उत्तरे अद्याप यावयाची आहेत.