अर्नोल्डची नजर

अर्नोल्ड बॅराक्लफने रेल्वेत एक दिवसही नोकरी केली नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात दुसरं कुणी सांगणार नाही. तो लोकरीच्या गिरणीत होता. विणून आलेलं कापड खिडकीच्या उजेडात टांगायचं आणि तुटलेला धागा, सुटलेली गाठ शोधायची, हे त्याचं काम. चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या चुका बघण्याचा पगार घेतला. मी तेहतीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये काढली. तरी नाव त्याचं. मी त्याच्यावर जळतो. लपवण्यात काही अर्थ नाही, माझ्या बायकोला, पाद्रीबाबांना आणि खाटकालासुद्धा ते ठाऊक आहे.

दर बुधवारी दुपारी चॅपलच्या हॉलमध्ये आम्ही अठरा-वीस म्हातारे जमतो आणि आगगाडीचा एखादा जुना सिनेमा लावतो. गोष्टीशी कुणाला देणंघेणं नसतं. मधल्या टेबलावर पितळी घंटा ठेवलेली असते. रेल्वेची चूक दिसली की घंटा वाजवायची. विनी हॉयल सिनेमा थांबवते, मग चूक सांगायची आणि हात वर करून मतं घ्यायची. सिनेमा मागे न्यायचा नाही, दिसलं ते दिसलं. बहुमत झालं की विनी वहीत नाव लिहिते. वर्षअखेरीस ज्याने पकडलेल्या चुका जास्त, त्याचं नाव भिंतीवरच्या पाटीवर चढतं. पाटीवर ओळीने सहा वर्षं अर्नोल्ड आहे. त्याच्या आधी मी होतो.

एकदा सिनेमातला खुनी कॉरिडॉर नसलेल्या डब्यात चढला आणि पाच मिनिटांनी त्याच गाडीच्या कॉरिडॉरमधून पळायला लागला. घंटा अर्नोल्डने वाजवली. ते मलाही दिसलं होतं, पण माझ्या तोंडात केकचा तुकडा होता. शेपटीच्या दिव्याचं दुखणं मात्र वेगळं. गाडी केबिनपुढून गेली की शेवटच्या डब्यावर लाल दिवा आहे ना, हे बघणं ही माझी नोकरी होती. दिवा नसेल तर मागचे डबे सुटून वाटेत राहिले असं धरायचं. पडद्यावरून बिनदिव्याची गाडी गेली आणि घंटा वाजवली कापडवाल्याने!

"क्लिफर्ड, लेका, तुझ्या हद्दीत अर्धी गाडी हरवली की रे!" तो म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन जेवलो मात्र नाही.

माझ्याकडे एकच हुकमाचा पत्ता होता. १९५८ साली एका सिनेमाचं शूटिंग माझ्या केबिनपाशी झालं. मी बावीस वर्षांचा होतो आणि गाडीसाठी सिग्नल मीच दिला होता. त्या सिनेमात रेल्वेची एकही चूक नाही, असं मी जन्मभर सांगत आलो. दरवर्षी मी तो लावा म्हणायचो आणि दरवर्षी अर्नोल्ड मोडता घालायचा. "कंटाळवाणा आहे रे तो, नुसती रडारड." माझं कौतुक मेल्याला बघवत नाही, असं मी धरून चाललो होतो. यंदा चहाच्या वेळी एकेकाला गाठून मी मतं फिरवली आणि सिनेमा लागला.

मी तो थिएटरात एकदाच पाहिला होता, तोही केबिनच्या खिडकीत स्वतःला शोधत. आता मी सगळा पडदा बघत होतो. धुक्यातून गाडी येते. फलाटावर नायिका रुमाल हलवते. सिग्नलचा हात वर, म्हणजे वाट मोकळी. इंजिन अजून सिग्नलपर्यंत पोचायचं होतं आणि तो हात खाडकन आडवा पडला. थांब! आणि गाडी न थांबता तशीच पुढे निघून गेली.

मला शूटिंगचा तो दिवस आठवला. त्या बाईने माझ्याकडे बघून रुमाल हलवला होता आणि माझ्या हातून सिग्नलचा दांडा वेळेआधीच मागे गेला होता. ड्रायव्हरने आईवरून शिव्या घातल्या होत्या. एवढा तुकडा कापून टाकू, असं सिनेमावाले म्हणाले होते.

मी अर्नोल्डकडे पाहिलं. घंटा त्याच्या हातापासून वीतभर होती. तो मान खाली घालून बिस्किटाचा चुरा गोळा करत बसला होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. याला ठाऊक होतं. म्हणून तो दरवर्षी नको म्हणायचा. इतकी वर्षं तो मला झाकत होता.

दुसऱ्या कुणाला गहिवरून आलं असतं. मी पेटलो. नजर त्याची, पाटी त्याची, आणि आता मोठं मनही त्याचंच? मी उठलो, घंटा ओढली आणि दणादणा वाजवली.

"चूक! सिग्नल आधी पडला. आणि पाडणारा गाढव मीच होतो."

"कबूल करायला छाती लागते हं, क्लिफर्ड," विनी म्हणाली. भराभर हात वर झाले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा मला जिंकल्यासारखं वाटलं.

"अर्नोल्ड, तुझा हात?" विनीने विचारलं.

अर्नोल्डने चष्मा काढून पुसला. "मला नाही बुवा दिसलं तसं काही," तो म्हणाला. "धूर होता."

विनीचं पेन वहीवर थांबलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. अर्नोल्डला दिसलं नाही? मग एक हात खाली आला, त्याच्यामागे दुसरा, आणि बघता बघता फक्त माझाच वर राहिला. विनीने वहीत लिहिलं, "नामंजूर."