डायरीतली उपासमार

आमच्या रत्नागिरीकडचे एक नामवंत लेखक वारले आणि वाचनालयाने त्यांची खासगी डायरी छापायचं ठरवलं. संपादन माझ्याकडे आलं. डायरी इतकी खासगी होती की दर पानावर ‘प्रिय वाचकहो’ होतं.

पावसच्या घरी जाऊन मी ती त्यांच्या पत्नीला वाचून दाखवली. ‘आजही अर्धपोटीच लिहायला बसलो,’ यावर त्यांनी मला थांबवलं.

“सुरमई चापून झोपाळ्यावर घोरत होते. हे छापलंत तर लोक म्हणतील, बायकोने उपाशी ठेवला.”

“काकू, लेखकाचं वाक्य बदलता येत नाही.”

“मग खाली माझं घाला.”

घातलं. आता त्यांच्या साहित्याबद्दल रत्नागिरीत दुमत आहे, काकूंच्या स्वयंपाकाबद्दल नाही.