मिर्सिनीमावशीचा डोंगर

आमच्या मिर्सिनीमावशीच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते काढायला देवालाच खाली उतरावं लागेल, आणि तोही हात जोडून परत जाईल. नवरा गेला तेव्हा तिचा मुलगा प्रोकोपिस बोटीनं आला नि म्हणाला, "आई, चल अथेन्सला. इथं आता आहे काय?"

मावशी म्हणाली, "डोंगर आहे."

होता खरा. गावामागचा उतार, पायऱ्यापायऱ्यांचा. पण दगडी बांध शेळ्यांनी पाडलेले, ऑलिव्हची झाडं काटेरी झुडपांत गळ्यापर्यंत बुडालेली. फळच नाही म्हणून माझा तेलाचा घाणा बंद, आणि मी दिवसभर दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसायचो. मायलेकांचं ठरलं ते माझ्यासमोरच. दोन वर्षांत, डिसेंबरातल्या संत निकोलसच्या सणाआधी, त्या डोंगराचं तेल माझ्या घाण्यातून निघालं तर मावशी इथंच राहणार. नाहीतर अथेन्स, पाचवा मजला, बाल्कनीतल्या कुंडीशेजारी.

"शब्द देते," मावशी म्हणाली.

"नको गं," प्रोकोपिस म्हणाला, "तू शब्द दिलास की मलाच भीती वाटते."

दुसऱ्याच सकाळी तिनं कॉफीच्या दुकानात टेबलावर काबुली चणे ओतले. चणा म्हणजे झाड, आगपेटीच्या काड्या म्हणजे बांध. "आधी वरचे बांध, मग झुडपं, मग छाटणी. यंदा फळ मागायचं नाही, पुढच्या वर्षी सोडायचं नाही." इग्नातिस म्हातारा एक चणा तोंडात टाकायला गेला तर तिनं त्याच्या हातावर फटका दिला. "मेल्या, तुझ्या बापाचं झाड आहे ते." इग्नातिसला एकदम भरून आलं. म्हणाला, "घे, माझं रान घे." तेवढ्यात उझो दारूचे पेले आले आणि सगळ्यांनाच दानत सुचली. माझं घे, माझंही घे, भाऊ मेलबर्नला आहे त्याचंही घे.

मग गाव जे खुळावलं ते खुळावलंच. सांधे दुखतात म्हणून चर्चच्या पायऱ्या न चढणारे म्हातारे करवती घेऊन झाडांवर चढले. पाद्रीबाबांनी झगा कमरेला खोचला. बांध रचताना भांडणं, भांडता भांडता गाणी, गाता गाता पुन्हा भांडणं. त्या खुळावर कुणाचाच उतारा चालेना, मीसुद्धा दोनदा हसलो. आणि दुसऱ्या वर्षी फांद्या फळांनी अशा वाकल्या की मी घाण्याला तेलपाणी करताना आपोआप शीळ घालायला लागलो.

सण तोंडावर आला. प्रोकोपिस सकाळच्या बोटीनं उतरला. आम्ही झाडांखाली पसरायच्या जाळ्या खांद्यावर टाकून डोंगराकडे निघालो, तर वरून काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्यांची रांग खाली येताना दिसली. वरच्या आनेमी गावच्या बाया. त्यांच्याही खांद्यावर जाळ्या, हातात फळं झोडायच्या काठ्या.

आमच्याकडची रीत अशी, की मुलग्यांना जमीन आणि मुलींना हुंड्यात झाडं. रान एकाचं, त्यातलं झाड दुसऱ्याचं, यात कुणाला नवल नाही. आणि आमच्या पोरी पिढ्यान्‌पिढ्या दिल्या कुठं? आनेमीला. म्हणजे गावानं एवढ्या दानशूरपणे जे देऊन टाकलं होतं, त्यातलं एक पानही गावाचं नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आठवलं मात्र एकालाही नाही.

"जमीन आमची आहे," इग्नातिस गरजला.

पुढची म्हातारी काठीवर रेलली. ती आग्लाइया, इग्नातिसची सख्खी बहीण. "तुझीच आहे रे. काढून घे की माझ्या झाडाखालनं."

मिर्सिनीमावशी मटकन बांधावर बसली. तोंडावरचा रंगच गेला. प्रोकोपिसनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेच जास्त लागलं. सगळं केलं तिनं, आणि तेल दुसऱ्यांचं, दुसऱ्यांच्याच घाण्यातलं. मला इतका संताप आला की कुणावर काढावा कळेना.

"छाटणी कुणी केली?" आग्लाइयानं विचारलं.

"मी," मावशी पुटपुटली. "म्हणजे आम्ही सगळ्यांनी."

"मग रडतेस कशाला? जो झाड सांभाळतो त्याचं अर्धं तेल. रीत तुमच्यासाठी निराळी आहे का?" ती झाडाशी गेली, खोडावरनं हात फिरवला. "वरून दिसायचं मला. म्हटलं, माझ्या झाडांची कुणीतरी वेणीफणी केलीय. आई गेल्यापासून माहेरी पाऊल नाही टाकलं मी. कुणी बोलावलंच नाही."

 इग्नातिसनं खांद्यावरची जाळी काढली आणि गुडघे मोडत मोडत तिच्या झाडाखाली पसरली. "तुला दगड टोचतील," तो म्हणाला, "तू उभ्यानं झोड, मी वेचतो."

झालं, त्यानंतर कोण कुणाचं ते कळेनासं झालं. माहेरवाशिणी झोडतायत, भाऊ वेचतायत, पाद्रीबाबा पोती ओढतायत. दिवेलागणीला माझा घाणा खडखडला, आणि हिरवंगार तेल नळीतून पडलं तेव्हा मी रडलो, सरळ सांगतो. पाव भाजले, तेलात बुडवले, मीठ टाकलं. मावशीच्या हनुवटीवरून तेल ओघळत होतं आणि ती वेड्यासारखी हसत होती.

तेवढ्यात प्रोकोपिसचा फोन वाजला. बायको होती. त्यानं ऑलिव्ह वेचून काळ्या पडलेल्या बोटांनी फोन कानाला धरला.

"आई येत नाही," तो म्हणाला. "नाही गं, ठरलं होतं तसंच झालं." मग हळूच, "आणि ऐक, उद्याच्या बोटीनं मीही येत नाही. वरच्या तीन बांधांवरची झाडं अजून झोडायचीत."