खुर्चीवाल्या अल्बमची दुसरी तबकडी

तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्या घरात जे गृहस्थ राहतात, ते लिफ्ट दुरुस्त करतात, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. यावरचे सगळे विनोद सगळ्यांचे करून झाले आहेत, त्यांचे स्वतःचे धरून. इमारतीतली मुलं त्यांना तबकडीकाका म्हणतात. एकटा माणूस, घरात बसायला दोन खुर्च्या आणि गाण्याच्या तबकड्यांना तीन कपाटं. मुलांचं ऐकून मीही तबकडीकाकाच म्हणू लागले. ते मला बाई म्हणतात, जसं माझ्या शाळेतली मुलं म्हणायची, तसंच.

संध्याकाळी कामावरून आले, की हात घासून घासून धुतात आणि माझ्याकडे चहाला येतात. ग्रीसचा वास तरी येतोच. दिवसभर शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलेले असतात आणि जे पाहिलं ते त्यांना कुणाला तरी सांगायचं असतं. पण ते सांगतात गाण्यांच्या हिशेबाने. प्रत्येक कामाला, प्रत्येक रस्त्याला त्यांचा एकेक अल्बम ठरलेला. बँकेच्या रांगेत उभं राहायचं तर एक म्हाताऱ्या व्हायोलिनवाल्याचा, कारण त्या अल्बममध्ये कुणालाच कुठे जायची घाई नाही. मोठ्या पुलावरून चालत यायचं तर नुसत्या ढोलांचा. कानात काही घालून ते कधी फिरत नाहीत. सगळं डोक्यात वाजतं.

"बाई, शहराला पण दोन बाजू असतात, तबकडीसारख्या," एकदा म्हणाले. "समोरचा रस्ता म्हणजे पहिली बाजू. दुकानं, दिवे, सगळ्यांना पाठ असलेली गाणी. आणि मागची गल्ली, जिथे हॉटेलातली पोरं भांडी घासतात आणि शिंपी दारात बसून काजं करतो, ती दुसरी. लोक दुसरी बाजू लावतच नाहीत. सगळं चांगलं तिकडेच असतं."

दुसऱ्या एका दिवशी चहाचा कप तसाच धरून सांगत होते, "माणूस लिफ्टमध्ये एकटा शिरला की गुणगुणतो. खरं सांगतो. मधे कुणी आत आलं की लगेच गप्प, जसं काही आपण नव्हेच. मी वर मोटरच्या खोलीत असतो. दोर खाली सोडायला भोक असतं ना, त्यातून सगळं ऐकू येतं. काय एकेक गळा आहे! एक वकीलबाई आहेत, कोर्टाचे कपडे घालून लहान मुलांची गाणी म्हणतात. या शहरातले निम्मे गायक दुसऱ्या आणि सहाव्या मजल्याच्या मधे गातात, बाई, आणि सातव्यावर उतरून गप्प बसतात."

असं सांगताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा होतो. पण एका अल्बमचा विषय निघाला की ते एकदम हळू बोलायला लागतात. त्याला ते 'खुर्चीवाला' म्हणतात. वरच्या पुठ्ठ्यावर खिडकीपाशी एक रिकामी खुर्ची आहे, एवढंच. एका गायिकेचा, दोन तबकड्यांचा. यांचे वडील छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी होते. जादा पाळ्या करून त्यांनी तो आणला होता, आणि घरात दोनच मुलं, एक थोरली ताई आणि तिच्यामागे हे. दोघं जमिनीवर पालथी पडून ऐकत. ज्याने उठून बाजू उलटायची, त्याला पुढच्या वेळी उशी मिळायची.

वडील गेल्यावर भाड्याचं घर सोडायची वेळ आली. भांडी, कपाट, शिवणयंत्र, कशावरूनही वाद झाला नाही. खुर्चीवाल्यावर मात्र दोघंही अडून बसली. शेवटी ताईनेच तोडगा काढला. "पहिली तबकडी तुझी, दुसरी माझी. पुठ्ठा तू ठेव. पण पूर्ण ऐकायचा झाला की तुला माझ्याकडे यावं लागेल." ताईचं लग्न झालेलं होतं, घर नदीपलीकडे होतं. धाकटा भाऊ एकटा, कामात बुडालेला. तो आपणहून भेटायला येणार नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं. वाटणी कसली, भावाला बांधलेला दोर होता तो.

बरीच वर्षं तो दोर टिकला. सुट्टीच्या दिवशी हे टॉवेलात गुंडाळून पहिली तबकडी घेऊन जायचे. मग एकदा ताईकडे पाहुणे आलेले होते. दाजी, म्हणजे ताईचे यजमान, मोठे गप्पिष्ट. दुसरी तबकडी लावली, आणि पहिल्याच गाण्यात दाजींनी घराच्या रंगकामाचा विषय काढला. पाहुणे बोलू लागले, ताईही बोलू लागली. यांनी उठून गाणं चालू असताना सुई उचलली.

"ऐकायचं नसेल तर लावू नका."

ताई पाहुण्यांसमोर म्हणाली, "तुला माणसांपेक्षा तबकड्या मोठ्या. जा मग, तबकड्यांकडेच जा."

हे पहिली तबकडी उचलून निघून गेले. टॉवेल तिथेच राहिला. नंतर लग्नाकार्यात दोघं भेटली, एकमेकांच्या तब्येतीची विचारपूस केली, पण घरी जाणं कायमचं थांबलं. आणि या माणसाने एक विचित्र व्रत धरलं. दुसरी तबकडी दुकानात मिळत होती, पुढे फोनवर तर फुकट मिळू लागली. पण यांनी ऐकली नाही. "ती ताईकडे आहे," एवढंच म्हणायचे. वर्षामागून वर्षं पहिलीच लावायचे. तिचं शेवटचं गाणं संपलं, की यंत्राचा हात आपोआप मागे यायचा आणि समोरच्या घरात अशी शांतता पसरायची, की मी माझ्या स्वयंपाकघरात भांडं ठेवतानासुद्धा हळू ठेवायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या कचेरीने त्यांना नदीपलीकडच्या एका इमारतीत पाठवलं. पत्ता त्यांनी दोनदा वाचला. लिफ्ट चौथ्या मजल्याखाली अडकली होती, दाराचा एक रोलर झिजून तुटला होता. रखवालदार म्हणाला, "लवकर करा साहेब. चौथ्यावरचे लोक मुलाकडे परदेशी चाललेत, कायमचे. त्यांचं सामान उतरवायचंय."

चौथ्यावर ताई राहते.

लिफ्टच्या टपावर उभे राहून ते काम करत होते, तेव्हा वरच्या दाराच्या फटीतून गाणं आलं. खुर्चीवाल्याचं पहिलं गाणं, पहिल्या तबकडीचं. ती तबकडी तर यांच्या कपाटात! पान्यावरची पकड सुटली, पाना खाली खड्ड्यात जाऊन पडला. गाणं संपेपर्यंत हे दोर धरून उभे.

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या टेबलावर फडक्यातून एक नवाकोरा रोलर काढून ठेवला.

"हा काय?" मी विचारलं.

"हा बसवला की लिफ्ट चालू. दोन तासांचं काम."

"मग बसवला का नाही?"

"मिळत नाही म्हणून सांगितलंय."

"अहो, तुम्ही खोटं बोललात?"

"बाई," ते टेबलाकडे बघत म्हणाले, "मी हा बसवला की ती जाणार. तिच्याशेजारी बसून दुसरी एकदा ऐकायची आहे मला. एकदाच. पण दारावर जाऊन काय सांगू? इतक्या वर्षांनी?"

"हेच सांगा."

"तुम्हाला सोपं वाटतं. तुम्ही जन्मभर मुलांना उभं करून बोलायला लावलंत. मी जन्मभर भोकातून ऐकत आलो."

दुसऱ्या दिवशी ते गेले, तेल घालून आले. तिसऱ्या दिवशी तारा तपासून आले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात काम रेंगाळू दिलं नाही, त्याच्याबद्दल त्या इमारतीतले लोक काय काय बोलत होते, ते मला हसत हसत सांगत. हसणं काही खरं नव्हतं. तरी रोज एकेक गाणं मात्र ऐकायला मिळत होतं, पहिल्या तबकडीतलं. आपण दुसरीसाठी एवढं तरसावं, आणि ताईने आपली अर्धी कुठून तरी मिळवून खुशाल ऐकत बसावं, हे त्यांना लागलं होतं. आणि त्याच गाण्यांसाठी ते रोज नदी ओलांडून जात होते.

मग एके सकाळी ताईच लिफ्टच्या दारापाशी आली. चौथ्याचं दार उघडं होतं, समोर आडवी दोरी बांधलेली. हे टपावर, म्हणजे त्यांचं डोकं तिच्या गुडघ्यापाशी.

"कोण आहे रे आत?"

यांनी पाना आपटणं थांबवलं.

"छोट्या, मला बहिरी समजतोस काय? पाना आपटायची तुझी तऱ्हा मला माहीत आहे. भांडी पण अशीच घासायचास."

"ताई, मागे हो. पडशील."

"पडले तर झेलशील. वर ये, तोंड तरी दाखव. केस कुठे गेले तुझे?"

"तुझ्याकडेच राहिले टॉवेलाबरोबर."

ती हसली नाही. म्हणाली, "दोन तासांचं काम तुला इतके दिवस पुरतंय. का करतोस असं?"

"रोलर मिळत नाही."

"पिशवीत बघ."

यांनी मान खाली घातली. वय वर्षं साठाच्या घरातला माणूस, आणि थोरल्या बहिणीसमोर खोटं पकडलं गेलं की अजून कान लाल होतात, असं मला स्वतःच सांगितलं.

"सामान काय, हमाल जिन्याने पण उतरवतील," ताई म्हणाली. "माझे गुडघे कोण उतरवणार?"

तेवढ्यात खाली कुणीतरी ओरडलं, "झाली का हो लिफ्ट?" आणि वरून ताईनेच ओरडून सांगितलं, "होतेय, होतेय! माणूस हाताखाली कुणी नसताना करतोय, जरा दम धरा!"

तेवढ्याने यांना धीर आला. "तू रोज पहिली लावतेस," ते म्हणाले.

"तुझ्या भाच्याने फोनवर घालून दिली. तू घेऊन गेलास ना ती, मग मी काय करणार?"

"फोनवर तर दुसरी पण असेल."

"असेल. ती कशाला लावू? ती आहे की माझ्याकडे, कपाटात. यंत्र मात्र कधीच मोडीत गेलं."

म्हणजे दुसरी तबकडी इतकी वर्षं दोघांनीही ऐकली नव्हती. यांनी टपावरूनच मान वर केली. मग विचारलं, "माझं यंत्र आणू?"

"लिफ्ट आधी चालू कर," ताई म्हणाली. "ते धूड जिन्याने चढवशील आणि कंबर धरून बसशील."

दोन तासही लागले नाहीत.

यंत्र नेलं त्या दिवशी मी खालच्या दारापर्यंत पहिली तबकडी हातात धरून गेले. यंत्र त्यांनी छातीशी कवटाळलं होतं. "बाई, चला ना तुम्ही पण," म्हणाले. मी म्हटलं, "मी आले तर तुम्ही मलाच शहराच्या गोष्टी सांगत बसाल." टॅक्सी वळेपर्यंत मी उभी होते.

त्या संध्याकाळी ते आले नाहीत. पुढचा आठवडाभर बांधाबांध करायला नदीपलीकडेच जात होते. मला भेटले ते ताईला विमानतळावर सोडून आल्यावर. बसले. चहा घेतला. मग सांगायला लागले.

खोकी भरलेली होती, खुर्च्या विकल्या गेलेल्या, म्हणून तिघंही खोक्यांवरच बसली होती. पहिली तबकडी सगळ्यांनी गप्प बसून ऐकली. दाजीसुद्धा तोंडाला कुलूप लावून. मग दुसरी लावली, आणि ताई बोलायला लागली. भाच्याचं घर केवढं आहे, सुनेचा स्वभाव कसा आहे, तिकडे थंडीत तिच्या गुडघ्यांचं कसं व्हायचं. मग वडिलांचं, छापखान्याच्या शाईचं, यांना लहानपणी झालेल्या गोवराचं. बाजू उलटायला हे उठले तर म्हणाली, "थांब रे, आधी हे ऐक." इतक्या वर्षांचं साठलेलं, धबधब्यासारखं.

"आणि तुम्ही?" मला राहवेना.

"मी? मी आवाज कमी केला."

"तबकडीचा?"

"मग काय ताईचा करणार?"

आम्ही दोघंही हसलो. निघताना ताई दुसरी तबकडी यांच्या हातात देत होती. तिकडे तिच्याकडे यंत्र नाही, होणारही नाही, तर दोन्ही एका पुठ्ठ्यात राहू देत, असं तिचं म्हणणं. यांनी घेतली नाही. स्वतःच्या हाताने तिच्या बॅगेत, लोकरी कपड्यांच्या दोन थरांमधे ठेवून दिली. विमानतळावर बॅग वजनकाट्यावर चढवताना ताईने सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, सांभाळून, आत माझ्या भावाचा जीव आहे. काट्यावरच्या मुलीला काही कळलं नाही.

मी कप उचलायला उठले. मग विचारायचं राहिलेलं विचारलं.

"पण कशी होती हो दुसरी? इतक्या वर्षांनी ऐकलीत."

तबकडीकाकांनी जरा आठवून पाहिलं. बोटांनी टेबलावर काहीतरी धरू पाहिलं, ते धरता आलं नाही.

"ऐकूच आली नाही, बाई," ते म्हणाले. "परत ऐकायला पाहिजे."