कूलर आणि पाच थर

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणते. आणि काम गळ्यात पडलं ते कसलं, तर चिकटपट्टीने सोललेले ग्रॅफाइटचे थर तासन्‌तास न्याहाळत बसण्याचं! निव्वळ छळ.

मे महिन्यात आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत मला हवा तसा तुकडा सापडला. पाच थरांचा, प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा सरकलेला, जिन्याच्या पायऱ्यांसारखा. अशा रचनेत कडाक्याच्या थंडीत वीज विनारोध वाहते आणि तोच तुकडा चुंबकासारखाही वागतो म्हणे. एरवी या दोन गोष्टी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. इथे त्या एकत्र कशा नांदतात, ते अजून कुणाला धड सांगता येत नाही. मला ते माझ्या तुकड्यात बघायचंच होतं. दुसऱ्या शहरातल्या अतिथंड यंत्रावर आम्हाला एकदाच वेळ मिळाला होता आणि माझी फेलोशिप संपत आली होती.

अडचण अशी, की या पायऱ्या फार नाजूक. जरा दाब पडला की थर सरकून नेहमीच्या आरामाच्या जागी जाऊन बसतात. मग सगळं मुसळ केरात.

त्या दिवशी एसी बिघडला होता. तुकडा चिकटवून उचलण्यासाठी मी त्याच्यावर रबरासारखा पारदर्शक ठसा हळूहळू उतरवत होते. अंगाची लाही होत होती. सोबत काम करणाऱ्या मित्राला माझी दया आली आणि त्याने कूलर लावला. आमचा कूलर चालू झाला की टेबलसुद्धा हलतं. ठसा थरथरला आणि तुकड्यावर दाबला गेला.

"काहून लावला गा?" मी ओरडलेच.

"तू घामानं भिजून राहिली होती ना," तो म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

लेझरखाली तपासलं. जवळजवळ सगळा तुकडा सरकला होता. एका कोपऱ्यात तेवढ्या पायऱ्या शाबूत होत्या.

"तो कोपरा आत्ताच कापून वेगळा करा, नाहीतर तोही जाईल," आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या.

असलं काम नेहमी मित्रच करायचा. त्याने मान हलवली. "मले नाही जमत आता. पुन्हा माह्या हातानं बिघडलं तर? तूच कर वं."

मला त्याचा राग येत होता आणि त्याची कीवही येत होती. कापणाऱ्या सुईच्या यंत्रापुढे मी बसले आणि कोपरा सुटा होईपर्यंत उठले नाही.

पुढे तारा जोडून मॅडम तो कोपरा त्या अतिथंड यंत्राकडे घेऊन गेल्या. मोजणीच्या दिवशी मी व्हरांड्यात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. दुपारी त्यांचा फोन आला. "रोध शून्यावर आला. चुंबकाची खूणही दिसतेय, त्याच अवस्थेत!"

मी तिथेच फरशीवर फतकल मारली आणि रडले. मित्र दारात उभा होता, शर्ट घामाने चिंब. तुकडा सरकला त्या दिवसापासून त्याने कूलरच्या बटणाला हातसुद्धा लावला नव्हता.

"आता तरी लावू का वं?" त्याने विचारलं.