कोंबड्यानं अंग झाडलं नाही

माझ्या बायकोला माझ्या पोटातलं बहुतेक सगळं माहीत आहे. हे नाही. दादाला नाही, दिगूला नाही, दुकानात येऊन तासन्‌तास बसणाऱ्या एकाही माणसाला नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असतात तरी आता मला फरक पडला नसता. पण एक आधीच बजावून ठेवतो. मला तुमची दया नको. वाचता वाचता ‘बिचारा’ म्हणावंसं वाटलं, तर कागद तिथंच ठेवून द्या.

कुठून सुरू करू? कोंबड्यापासून, की साहेबापासून? साहेबापासूनच करतो. त्यात माझी थोडी फुशारकी आहे, आणि ती मी लपवणार नाही.

हिंगोलीची छावणी उठून कितीतरी वर्षं झाली होती, तरी एक म्हातारा गोरा साहेब तिकडच्या बंगल्यात मागे राहिला होता. आमचं बाजारात शिवणाचं दुकान. मोठा भाऊ दादा मापं घ्यायचा, मी शिवायचो. साहेबाची एक खाकी विजार गुडघ्यावर फाटून आमच्याकडे आली. मी ती अशी रफू केली की फाटलं होतं कुठं ते त्यालाच सापडेना. दुसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावणं धाडलं.

टेबलावर एक लहानशी लोखंडी पकड होती. पकडीत गळ, आणि भोवती रेशमाचे धागे, मेण, पिसं. पैनगंगेच्या डोहात मासे धरायचा त्याला नाद होता, पण गळाला गांडूळ लावून नव्हे. गळाच्या दांडीवर रेशमानं कोंबड्याचं पीस गुंडाळायचं; त्याचे तंतू पायांसारखे उभे राहतात आणि ती खोटी माशी पाण्यावर तरंगते. मासा तिला खरी समजून झडप घालतो. असल्या माश्या तो स्वतः बांधायचा. आता त्याचे हात थरथरत होते. माझे नव्हते.

गावात हसू झालं. लोक माश्या मारतात, हा माश्या शिवतो म्हणे! हसा म्हटलं. तांदळाएवढ्या गळावर रेशमाचे वेढे देऊन दाखवा, मग हसा. माझी पहिली धड माशी साहेबानं भिंगाखाली धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, “शाबास, दर्जी. ऐसा हाथ मैंने विलायत में भी नहीं देखा.” नवरदेवाचा अंगरखा शिवला तर लोक नवरदेवाची तारीफ करतात, शिंप्याची कोण करतो? माझ्या हाताची तारीफ जन्मात त्या एका माणसानं केली. मी त्या बंगल्यावर जायला पाऊल काढलं की छाती आपोआप पुढे व्हायची.

त्याची रड एकच होती — पीस. त्याला धुरकट निळं हवं होतं, ओल्या गोवऱ्यांच्या धुराला असतो ना, त्या रंगाचं, आणि उजेडात धरलं तर काचेसारखं चमकणारं. तसा कोंबडा हजारात एखादा निपजतो, असं तो म्हणायचा. टपालानं मागवलेली पिसं रंगवलेली निघायची, पाण्यात रंग सोडायची. शिवाय पीस जिवंत कोंबड्याच्या मानेचं पाहिजे. मेल्यावर चमक जाते, हे त्याचं ठाम मत.

आणि तसा कोंबडा आमच्या अंगणात बांधलेला होता.

आमच्या घरात चुलीवर कधी अंडंसुद्धा चढलं नाही. कोंबडा आला तो वहिनीच्या नवसामुळं. वहिनी म्हणजे दादाची बायको. आई गेली तेव्हा मी लहान होतो. मला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं, ते तिनं. तिचा एकुलता एक दिगू तीन वर्षांचा असताना त्याला देवी आल्या. अंगावर बोट ठेवायला जागा राहिली नाही, डोळे मिटले, पाणी गिळेना. वहिनीनं मरीमायला साकडं घातलं — लेकरू हाती दे, आषाढात कोंबडा वाहीन. दिगू वाचला. तोंडावर वण राहिले, पण वाचला. वहिनीच्या भावानं कळमनुरीच्या बाजारातून एक कोंबडा आणून दिला. त्याचा रंग कसा आहे याकडे घरात कोणाचं लक्षही नव्हतं. माझं गेलं.

नवसाचा कोंबडा म्हणजे मायचं धन. त्याला मारायचं नाही, हुसकायचं नाही, त्याचं एक पीस घ्यायचं नाही. वहिनी त्याला स्वतःच्या हातानं दाणे टाकायची. आणि ती धुणं घेऊन कयाधूवर गेली की भर दुपारी मी काय करायचो? — त्याला मांडीखाली दाबायचो, चोच मुठीत धरायचो आणि मानेची पिसं उपटायचो. वरची नाही. वरच्या थराखालची, आतली, म्हणजे बाहेरून काही दिसू नये. शिंप्याला झाकायचं कसं ते शिकवावं लागत नाही. दर आठ-दहा दिवसांनी हेच. मानेची कातडी लाल झाली होती, कधी रक्ताचा ठिपका यायचा. सुरुवातीला तो फडफडायचा, ओरडायचा. नंतर नंतर माझा हात मानेकडे यायला लागला की जमिनीला चिकटून बसायचा, डोळे मिटून, दगडासारखा. मला तेव्हा ती सोय वाटली.

आता तुम्ही म्हणाल, मुक्या जिवाचे हाल केलेस, हीच तुझी कबुली. नाही. चुकताय तुम्ही. कोंबडा आषाढात तसाही कापला जायचाच होता, आणि त्याला कापताना पाहायला अख्खं गाव जमायचं. त्या पिसांच्या मी ज्या माश्या बांधल्या, तसलं देखणं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. त्यांची मला लाज वाटत नाही. आजही वाटत नाही.

आषाढात मंगळवारी आम्ही मरीमायच्या ठाण्यावर गेलो. कोंबडा मायपुढे उभा करतात, पुजारी त्याच्या मानेवर पाणी शिंपडतो. कोंबड्यानं अंग झाडलं की मायनं तो घेतला. नाही झाडलं तर घेतला नाही. खरं सांगू? मानेवर गार पाणी पडलं की कुठलाही कोंबडा अंग झाडतो. मायला विचारून झाडत नाही. म्हणून तर हा कौल कधी चुकत नाही, आणि पुजाऱ्याचं बरं चालतं.

आमच्या कोंबड्याच्या मानेकडे पुजाऱ्याचा हात आला आणि कोंबडा जमिनीला चिकटला. पाणी पडलं. हालला नाही. दुसऱ्यांदा शिंपडलं — नाही. मग वहिनीनं तांब्या आपल्या हातात घेतला. तिच्या हातचे दाणे त्यानं सहा महिने खाल्ले होते. तिनं हळूच त्याच्या मानेवर पाणी सोडलं आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

“माय घेईना,” पुजारी म्हणाला. “घरात कायतरी खोट हाय. इचार करा.”

मी तीन पावलांवर उभा होतो. पिसं भिजून चिकटली तशी खालची लाल कातडी मला दिसत होती. बाकीचे सगळे वहिनीच्या तोंडाकडे पाहत होते.

इथं बोललो असतो तर? चार लोकांत अब्रू गेली असती, कबूल. पण हीदेखील माझी खरी चूक नाही. माणूस चारचौघांत गप्प बसतो. ते मी स्वतःला माफ केलं असतं.

पाच-सहा दिवसांनी दादा बाहेर गेला होता. मी ओसरीवर मशीन चालवत होतो. वहिनी येऊन उंबऱ्यावर बसली. म्हणाली, “भाऊजी, एक सांगते. कोनाला बोलू नका.” मी पाय थांबवला. ती जमिनीकडे पाहत बोलत होती. “दिगूचं लई झालतं ना, त्या दिशी माझ्या तोंडून निघालं — माय, वाचवायचं नसंल तर ने आता, सोडव लेकराला. आईच्या तोंडून निघालं वो. मायनं तेच धरून ठेवलं. माझीच खोट हाय ना?”

विचारलं तिनं. नुसतं सांगितलं नाही, तोंड वर करून विचारलं. उत्तर माझ्याजवळ होतं. वहिनी, कोंबडा हाताला भ्याला, माझ्या हाताला. एवढंच बोलायचं होतं. आणि मी काय म्हणालो?

“काय म्हाईत, वैनी.”

झालं. हे तीन शब्द. तुम्हाला मोठा गुन्हा हवा होता का? हाच आहे. मी पुन्हा मशीन सुरू केली.

काहून नाही बोललो? दादानं मारलं असतं म्हणून? दादानं कधी हात उगारला नाही. गावानं वाळीत टाकलं असतं म्हणून? चार महिने बोलले असते आणि विसरले असते. मला बंगल्यावर जाणं बंद व्हायला नको होतं. शाबासकी हवी होती. त्यापलीकडे काही नव्हतं, आणि ते मी सजवून सांगणार नाही.

वहिनीनं दिगूला हात लावायचा सोडला. भरवायची नाही, न्हाऊ घालायची नाही. ते दादावर नाहीतर माझ्यावर. त्याला साधा ताप आला तरी ती दाराबाहेर जाऊन बसायची. माय आपल्या मागावर आहे, आपण जवळ असलो की लेकरू तिच्या नजरंला पडंल, असं तिच्या मनानं घेतलं. शेवटी तिनंच ठरवलं की दिगूनं कळमनुरीला मामाकडे वाढावं. गाडी जुंपली तेव्हा पोरगं तिच्या पदराला लटकलं. तिनं दोन्ही हात वर धरले — त्याला लागू नयेत म्हणून — आणि मला म्हणाली, “भाऊजी, तुमी सोडवा.” मी सोडवलं. एक एक बोट सोडवलं.

कोंबडा? तो ठाण्यावरच सोडून दिला होता. नाकारलेला म्हणून त्याला कोणी शिवेना. मी गेलो, त्याला उचलून थेट बंगल्यावर नेला आणि मानेची होती नव्हती ती सगळी पिसं साहेबाला दिली. दिवाळीच्या सुमारास साहेब स्वतः दुकानाच्या पायरीशी आला. माझ्या माशीवर हाताएवढा लांब मासा लागला होता म्हणून सांगायला. सगळा बाजार आमच्याकडे पाहत होता. त्या दिवशी मी खूश होतो. दिगूला कळमनुरीला जाऊन महिना झाला होता, आणि मी खूश होतो.

पुढं साहेब विलायतेला गेला, माश्यांची डबी घेऊन. आता कसली शाबासकी, कसला बंगला? तरी नाही बोललो. सांगितलं असतं तर तिनं एकच विचारलं असतं — मग इतके दिस काहून गप बसलात? तिच्या पोटी पुन्हा मूल झालं नाही. दिगू सणावाराला यायचा, पाहुण्यासारखा ओसरीवर बसायचा, आणि ती ताट वाढून चार हात लांब उभी राहायची. अशी बारा वर्षं.

यंदा निजामाचं राज्य जायच्या आधी, पावसाळ्यात, वहिनी शेवटची आजारी पडली. रझाकारांच्या धास्तीनं लोक रस्त्यानं जायला भ्यायचे. दिगू कळमनुरीहून शेताशेतानं चालत आला, मांडीपर्यंत चिखल. चांगला उंच झालाय. तो बाजेजवळ बसला तशी तिनं आपले हात पांघरुणात ओढून घेतले. माझ्याकडे पाहिलं.

“भाऊजी, तुमचा हात चांगला हाय,” ती म्हणाली. “माझ्या वाटचा तुमीच फिरवा त्याच्या तोंडावरून.”

मी फिरवला. वण बोटांना लागत होते. ती पूर्ण शुद्धीवर होती, माझ्या हाताकडे पाहत होती, आणि तिला तेवढ्यानंच बरं वाटत होतं. बोलायला वेळ तेव्हाही होता. मी हात फिरवत राहिलो.