खारात थांबलेलं पाणी

पास्कू तिसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला तेव्हा मला आनंद झाला नाही, हे आधीच सांगून टाकते. पास्कू माझा धाकटा भाऊ. घरात आई आणि मी दोघीच. आई त्याच्यासाठी बोंबील तळत होती, मधूनच डोळे पुसत होती, आणि मी कपाटाची चावी पदराला गाठ मारून बांधत होते. याआधी दोनदा तो असाच आला होता, असाच हसला होता आणि काही महिन्यांत पुन्हा बाजाररस्त्यावरच्या गुत्त्यात सापडला होता. आईची सत्तरी उलटली आहे, छातीचं दुखणं आहे. आणखी एकदा तिला ते सोसवलं नसतं. म्हणून मी रोज प्रार्थना करायचे. पण ती प्रार्थना कमी आणि प्रभूला दिलेली तंबीच जास्त असायची. संध्याकाळी पास्कू घरात शिरला की मी चहाचा कप घेऊन त्याच्या अगदी जवळ जायचे. चहा निमित्ताला, खरं काम नाकाचं.

त्याच वर्षी आमची खारातली शेती बुडाली होती. खाडीकाठी बांध घालून पिकवलेली ही जमीन. उधाणाच्या भरतीला बांध फुटला आणि समुद्राचं पाणी आत शिरलं. गावानं मिळून बांध पुन्हा घातला, पण उन्हाळ्यात पाहावं तर शेतावर मिठाची पांढरी साय धरलेली. पास्कूनं ते शेत अंगावर घेतलं. त्याला काहीतरी करून दाखवायचं होतं, आणि तेही लगेच. पावसानं जेमतेम जोर धरला तोच त्यानं पॉवर टिलर सांगून ठेवला. खोल उखळायचं, माती खालीवर करायची, की जमीन सुधारेल, असं त्याचं गणित.

मी भडकले. मिठानं भरलेल्या जमिनीत असा घाईनं नांगर घालत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पास्कूची शिकायची वर्षं बाटलीत गेली. उखळलं की खालचं मीठ वर येतं. आमचे बाबा पावसाचं पाणी शेतात तुंबवून ठेवायचे. त्या पाण्यात मीठ विरघळायचं. ओहोटी लागली की बांधातलं दार, आम्ही त्याला उघाडी म्हणतो, ते उघडून पाणी खाडीत सोडायचं, भरतीला दार लावायचं आणि पुन्हा पाऊस तुंबवायचा. हे सगळं मी त्याला बांधावर उभं करून, जरा आवाज चढवूनच सांगितलं.

“मंग आपण काय करायचं?” त्यानं विचारलं.

“बांध राखायचा. मीठ आपण न्हाय काढत, वरचं पाणी काढतं.”

तो शेताकडे वळला. मग शांतपणे म्हणाला, “मंग ताई, माझ्यावर रोज नांगर का घालतेस?”

टिलर त्यानं रद्द केला. मी मात्र चहाचा कप घेऊन जवळ जायची काही थांबले नाही. सवय अशी एका वाक्यानं सुटत नाही.

पुढे अवसेच्या उधाणाच्या दिवशी पास्कू दुपारी जेवायला आलाच नाही. आईनं जपमाळ हातात घेतली. मी चपला घातल्या आणि गुत्त्याची वाट धरली. वाटेत आमचा जुना क्रूस आहे. तिथून एक रस्ता बाजाराकडे जातो, एक बांधाकडे. नेहमीसारखी क्षणभर थांबले आणि तोंडातून निघालं, प्रभू, मी थकले, आता तूच त्याला राख. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. एवढंच कळलं की गुत्त्यात जाऊन त्याला शोधायची माझी इच्छा राहिली नव्हती. घरी आईसमोरही जाववेना, म्हणून बांधाकडे वळले.

नवा घातलेला बांध एका ठिकाणी भोक पडून पाझरत होता. पास्कू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून, भोकाला पाठ लावून, चिखलाची पोती रचत होता. काठावर एक अनोळखी माणूस, जाळं बाजूला टाकून, फावड्यानं चिखल ओढत होता. मला पाहताच तो म्हणाला, “बाय, पोत्याचं तोंड धर.” मी पदर खोचला आणि धरलं. एकानं धरायचं, एकानं भरायचं, एकानं लावायचं. दोघांच्यानं ते आटोपलं नसतं. भरती उतरायला लागली तेव्हा बांध जागेवर होता. त्या माणसानं हात धुतले, जाळं खांद्यावर टाकलं आणि खाडीच्या कडेनं निघून गेला. पुढे पुष्कळांना विचारलं, कोणालाच तो ठाऊक नव्हता. कोणी कोळी असेल पलीकडच्या गावचा. मी वाद घालत नाही. गुत्त्याकडे गेले असते तर शेत गेलं असतं, आणि भावावरचा संशय तसाच राहिला असता. प्रभूनं मला त्यातून वाचवलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही.

त्या संध्याकाळी चहा मी पास्कूच्या समोर ठेवला आणि लांब बसले. पदराची गाठ सोडून चावी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. आईनं ते पाहिलं. माझी प्रार्थनाही तेव्हापासून छोटी झाली. माणूस बदलतो तो वरून आलेल्या कृपेनं. माझ्याकडे बांध राखायचं काम आहे, हे मला खारानं शिकवलं.

परवा आम्ही दोघं शेतात गेलो. बांधाच्या कडेला कुठे कुठे हिरवं दिसू लागलं आहे. पास्कूनं ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं.

“अजून थोडं खारट हाय, ताई.”

“असू दे,” मी म्हटलं, “पाऊस अजून हाय.”